डोळे मिटून भाजलेल्या मेथ्या

आमच्या ह्यांच्याइतकं तरबेज नाक अख्ख्या कुंभकोणमात, कदाचित अख्ख्या तामिळनाडूत दुसऱ्या कुणाला नसेल, असं मी छातीठोकपणे सांगायची. जन्मभर तिरुभुवनमला रेशमाच्या रंगखात्यात नोकरी केली, पण भरवसा डोळ्यांपेक्षा नाकावर जास्त. मंडईत वांगं कधी दाबून बघायचे नाहीत. देठाशी नाक न्यायचे आणि "हें कालचें," म्हणून परत ठेवायचे. भाजीवाल्या त्यांना तोंडावर 'मूक्कु सार', म्हणजे नाकवाले साहेब म्हणायच्या, आणि ह्यांना त्याचा कोण अभिमान! मी सातारची. लग्न होऊन इथं आले तेव्हा पिढ्यान्‌पिढ्या इकडेच राहिलेल्या ह्यांच्या घरातलं तीनशे वर्षांमागचं मराठी ऐकून मला हसू आवरेना, आणि माझ्या हातचं जेवून ह्यांना रडू. "अगे, तूं बैस. मी करितों," असं तिसऱ्याच दिवशी म्हणाले, तेव्हापासून मी जी बसले ती बसलेच.

ह्यांचं स्वयंपाकघरातलं सोवळं भलतंच कडक. देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय थेंबभरसुद्धा जिभेवर ठेवायचा नाही. मीठ बरोबर पडलं की नाही तेही वासावरून! "मिठाला कुठं वास असतो?" म्हटलं तर म्हणायचे, "तुज येत नाहीं, म्हणोनच तूं बाहेर." आणि आंबट वरणासाठी मेथ्या भाजायच्या त्या डोळे गच्च मिटून. काळ्या लोखंडी कढईत रंग फसवतो म्हणे, वास फसवत नाही. एकदा शेजारचे गृहस्थ दारात आले, ह्यांना डोळे मिटून उभे पाहून पूजा चालली असावी समजले आणि स्वतःही हात जोडून उभे राहिले. मेथ्या भाजून होईपर्यंत दोघेही हलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना साथीचा ताप आला. त्यातून उठले आणि मला स्वयंपाकघरात बोलवायला लागले. "ये, इथें उभी राहा. कांहीं तरी बोल." मी तर विरघळलेच! म्हातारपणी का होईना, बायको जवळ हवीशी वाटतेय. मी उभी राहून इकडचं तिकडचं बोलायची, मधेच "हं, काय वास सुटलाय!" म्हणायची, आणि हे लगेच कढई उतरवायचे. त्याच भरात मी ह्यांना न विचारता दिल्लीच्या राष्ट्रीय पाककला स्पर्धेचा अर्ज भरला. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा ह्यांचा चेहरा उतरला. "घरचें घरींच बरें," एवढंच म्हणाले. मी रुसले. दोन दिवस स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही, नि ते दोन्ही दिवस वरण कडूजहर. मला वाटलं, मुद्दाम राग काढतायत. मुकाट्याने गिळलं, पण हट्ट सोडला नाही. शेवटी तेच नमले. काय अवदसा आठवली होती मला!

दिल्लीत स्पर्धकाच्या जवळ कुणी थांबायचं नाही, प्रेक्षकांनी बोलायचं नाही, असा नियम. मी तिसऱ्या रांगेत बसले. ह्यांनी घरची कढई ठेवली, मेथ्या टाकल्या, डोळे मिटले. थोड्या वेळाने खरपूस वास आला. आता उतरवतील, म्हटलं. नाही उतरवल्या. मग करपल्याचा वास आला. पण ह्यांना मी वास सांगायचा? माझी काय बिशाद! बसून राहिले. शेजारची बाई खोकली, धूर वर चढला, तेव्हा कुठं ह्यांनी डोळे उघडले. आणि कढईकडे बघितलंच नाही. प्रेक्षकांत मला शोधायला लागले. त्या क्षणी मला सगळं कळलं.

वेळ संपत आलेली, म्हणून त्याच मेथ्या कुटून घातल्या. परीक्षकांनी चमचा तोंडात घातला, हळूच खाली ठेवला आणि हिंदीत विचारलं, "आपण चाखून नाही बघितलंत?" हे म्हणाले, "अजून नैवेद्य नाही झाला." कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीही हसलं नाही.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "कधीपासून?"

"तापापासोन."

"मला का नाही सांगितलंत?"

"तूं कढई काढोन घेतली असतीस. मग मज काय उरलें?"

मी त्यांचा हात धरला आणि तोंडाला पदर लावून रडले. इथल्या डॉक्टरांनी नंतर नकारार्थी मान हलवली. गेलेलं नाक एवढ्या दिवसांनी आता परत यायचं नाही म्हणाले. मंडईत हे अजून वांग्याच्या देठाशी नाक नेतात. वांगं शिळं दिसलं की मी मागून चिमटा काढते, मग ते वांगं परत ठेवतात.

आता बोलायचं निमित्त लागत नाही. मेथ्या पडल्या की मी शेजारी जाऊन उभी राहते, वेळ झाली की "उतरवा" म्हणते. परवा उतरवल्यावर ह्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "कसा आहे वास?"

"छान."

"छान म्हणजे?"

मला सांगता येईना. जन्मभर नुसती जेवले मी. म्हटलं, "आपलं लग्न झालं ना, तिसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा केलंत, तेव्हा आला होता तसा."

"तसाच?"

"अगदी तसाच."

त्यांनी लांब श्वास घेतला आणि कितीतरी दिवसांनी हसले. त्या दिवशी कसला वास आला होता, मला खरंच आठवत नाही. तेव्हा मी त्यांच्या बोलण्याला हसण्यात दंग होते.