आमच्या ह्यांचं रॉकेट

आमच्या ह्यांनी एकदा काही मनात घेतलं की ते ब्रह्मदेवाचंही ऐकत नाहीत. मागच्या वर्षी त्यांनी मनात घेतलं, श्रीहरिकोट्याला जाऊन रॉकेट उडताना अनुभवायचं. त्यात काय एवढं, असं तुम्ही म्हणाल. पण आमचे हे, म्हणजे महिपती, आंधळे आहेत.

पंचविशीत डोळ्यांच्या आजाराने दृष्टी गेली. पुण्याजवळच्या धानोरीच्या शेतकरी घरातला थोरला मुलगा. शेतावर इमारती उभ्या राहिल्या आणि भाऊ आरामात बसले, पण ह्यांना बसवेना. ब्रेल शिकले, बँकेत टेलिफोन ऑपरेटर झाले आणि निवृत्त होईपर्यंत विश्रांतवाडीहून येरवड्याला एकटे बसने गेले. कोणी न विचारता हात धरून रस्ता ओलांडून द्यायला लागलं, तर "मला पलीकडे जायचंच नाहीये," असं ठणकावून त्याला वाटेला लावायचे. खरं तर बहुतेक वेळा पलीकडेच जायचं असायचं.

लग्न झालं आणि बघायचं काम माझ्याकडे आलं. लग्नकार्यात कोण कुठली साडी नेसलंय, मालिकेत कोणी कोणाकडे डोळे वटारले, सगळं मी सांगायचं. मला बोलायला लागतंच, त्यामुळे आमचं छान जमलं. रॉकेटचं कानावर आलं तेव्हा मात्र मी भडकले.

"अहो, लोक हसतील! घरी टीव्ही लावू. काय काय होतंय ते मी सांगते ना."

"तेच नकोय," ते म्हणाले. "तू सांगितलेलं पुष्कळ बघितलं. हे एक माझं मला घेऊ दे. रॉकेट उडताना तू तोंड उघडायचं नाहीस."

हे मला फार लागलं. मी अबोला धरला. त्याचा फायदा घेऊन त्यांनी आमच्या लेकीकडून, ऋतुजाकडून, दोघांची ऑनलाइन नोंदणी करून घेतली. "आई, बाबा खूप सिरियस आहेत, तू चिल कर," ती मला म्हणाली. कर चिल! चेन्नईच्या गाडीत मी खिडकीबाहेर बघत बसले आणि वाटेतली एकही नदी त्यांना सांगितली नाही.

श्रीहरिकोट्याच्या आवारात खऱ्या मापाची रॉकेटं उभी केली आहेत. लोक लांबून फोटो काढत होते. ह्यांनी पहारेकऱ्याला विचारलं, एका रॉकेटच्या बुडाशी जाऊन तळहात टेकवला आणि हात न उचलता त्याला फेरी मारली. बराच वेळ लागला. संग्रहालयात सगळं काचेआड होतं, म्हणून तिथे मी फलक वाचून दाखवले. तेवढं त्यांनी निमूटपणे ऐकून घेतलं.

मग आम्ही उड्डाण बघायला बांधलेल्या उघड्या गॅलरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. उलटी मोजणी सुरू झाली तशी त्यांनी माझा हात सोडला. दूर झाडांच्या वर लख्ख उजेड फुटला आणि लोक ओरडत उठले. रॉकेट वर चढू लागलं. इतकं तेजस्वी, आणि आवाज अजिबात नाही. ह्यांचा चेहरा कोराच. शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते, पण मी पदर तोंडात धरला. बघता बघता रॉकेट ढगात शिरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. झालं, संपलं. एवढ्या हट्टाने आलेल्या माझ्या नवऱ्याला काहीच मिळालं नाही, या विचाराने मला रडूच कोसळलं. उजेड आधी पोचतो आणि आवाज मागाहून, हे शाळेत शिकलेलं तेव्हा कुठलं आठवायला!

आणि पायाखालची पायरी थरथरली.

आवाज आधी तळपायांत शिरला, मग छातीत. हे ताडकन उठले. काठी खाली पडली, त्याचंही भान त्यांना नव्हतं.

"आलं!" ते ओरडले. त्यांनी हात उंच केला आणि आवाजाबरोबर बोट वर वर नेऊ लागले. "चढतंय बघ. कोणीतरी मोठ्ठं कापड टराटरा फाडत चाललंय. आता वळलं, समुद्राकडे वळलं."

आजूबाजूचे लोक निघायला लागले होते. आभाळात धुराची एक रेघ उरली होती, आणि डोळ्यांतल्या पाण्यामुळे मला तीही धड दिसेना.

"अजून आहे?" मी विचारलं.

"आहे तर!"

मी त्यांच्या दंडाला धरून उभी राहिले. "मला काही दिसत नाहीये हो," मी म्हटलं. "पुढं सांगा."