उलटतपासणीतला एक प्रश्न

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर आजही नाही. वकिलाला पुरावा लागतो... पण ही गोष्ट भरकोर्टात, दिवसाढवळ्या घडली, म्हणून लिहितोय.

तीस-बत्तीस सालची हकीकत. मी मूळचा नातेपुत्याचा, वकिली सोलापुरात. माझं बहुतेक काम रेल्वेचं — हरवलेला माल, लाईनसाठी घेतलेल्या जमिनी, अपघात. त्यात माझा हात धरणारा शहरात कुणी नव्हता. बढाई नाही, विरुद्ध बाजूचे वकीलही हे मान्य करायचे.

ग्यानबा हा होटगीकडच्या एका फाटकावरचा गेटमन. तिथं दुपारच्या मालगाडीखाली एक बैलगाडी सापडली आणि दुधनीकडचा गाडीवान जागीच गेला. फाटक उघडं ठेवल्याचा आरोप ग्यानबावर आला. शिक्षा झाली असती तर तुरुंग, शिवाय नोकरी आणि राहती खोलीही गेली असती. मला मात्र तो एवढंच सांगायचा, "सायेब, मी कुलूप लावलं हुतं." पुढचं विचारलं की मान खाली.

मुख्य साक्षीदार होता लाईनवरचा मुकादम. फाटक सकाळपासून उघडंच होतं, असं त्यानं शपथेवर सांगितलं. मी उलटतपासणी सुरू केली. तो मराठीत ठाम उत्तरं देत होता, कुठं सापडत नव्हता. मी घोटभर पाणी प्यायलो, पेला खाली ठेवला...

त्यानंतरचं आठवतं ते एकदम कोर्टातली शांतता. मुकादम कठडा घट्ट धरून उभा, चेहरा पांढराफटक. मॅजिस्ट्रेटसाहेब लिहायचे थांबलेले. गाडीवानाच्या बायकोची साक्ष कानडीत झाल्यामुळे दुभाषी हजर होता. त्यानं माझा प्रश्न साहेबांना मराठीत समजावला, तेव्हाच तो मलाही कळला.

मी विचारलं होतं, "कीली यार कैयाग इत्तु?" — किल्ली कोणाच्या हातात होती?

आणि मुकादम बोलून गेला होता, "नन्न कैयाग." माझ्या हातात.

मला कानडीचा गंधही नाही.

पुढचं काम सोपं होतं. रुळांखालचे लाकडी स्लीपर नेणारी बैलगाडी पलीकडे काढायला मुकादमानं किल्ली मागून घेतली होती, ग्यानबाला लांब दुसऱ्या कामाला पिटाळलं होतं आणि नंतर फाटक लावायचं विसरला होता. किल्ली दुसऱ्याला देणं हा गुन्हा, शिवाय मुकादमाचा धाक, म्हणून ग्यानबा हे मलाही बोलला नव्हता. तो निर्दोष सुटला.

मित्र म्हणतात, कोर्टाच्या व्हरांड्यात रोज कानडी ऐकतोस, चार शब्द डोक्यात राहिले असतील. राहिले असतील. पण किल्लीचं मला कोण बोललं होतं?

त्या दिवशी पायऱ्यांवर गाडीवानाची बायको माझी वाट बघत थांबली होती. ती हळू आवाजात काहीतरी बोलली. दुभाषी जरा अवघडला, मग म्हणाला, "तिच्या मालकाचा आवाज हुता म्हणतीय. अजून एकडाव बोला म्हणतीय."

मी दुभाष्याकडून ते शब्द पुन्हा ऐकून घेतले आणि जमतील तसे म्हटले. आवाज माझाच होता, उच्चार चुकीचे. तिनं शेवटपर्यंत ऐकलं, पदर सावरला आणि पायऱ्या उतरून गेली.

हे काय होतं, मला सांगता येत नाही. कानडी मी पुढेही शिकलो नाही.