मंडळाची मोलकरीण

अमेरिकेतल्या प्लेनो शहरातल्या मराठी मंडळात गणपतीचं नाटक ठरलं की मोलकरणीचं काम कुणाला, हा प्रश्नच निघत नसे. ते सुवर्णाचं. दिवसभर ऑफिसात ती कॉम्प्युटर सर्व्हरांची दुखणी निस्तरायची, पण तिची बोली पडली नागपूरकडची आणि नाटक बसवणाऱ्या उल्काताई पडल्या पुण्याच्या. बाई मनाने वाईट नव्हत्या हो, तालमीला स्वतःच्या हातची साबुदाण्याची खिचडी आणायच्या. पण आई, सून, डॉक्टरीण या भूमिका शुद्ध बोलणाऱ्यांच्या आणि झाडू सुवर्णाचा, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

सुवर्णाही मान डोलवायची. लोक पोट धरून हसत. घरचं मात्र तिने कुणाला कळू दिलं नव्हतं. तिच्या आईने नागपुरात चार घरची भांडी घासून तिला इंजिनियर केलं होतं. स्टेजवरचं ते पाय ओढत चालणं आईचंच होतं.

२००६ साली ऐन गणपतीच्या सुमारास आई पहिल्यांदा अमेरिकेत आली. आपल्याच चालण्यावर हसणारा हॉल आई आता बघणार होती.

"उल्काताई, या वर्षी दुसरं कुणी घ्या ना, प्लीज."

"असं काय करतेस गं? स्क्रिप्टच तुझ्यासाठी लिहिलीय. काकूंना केवढा आनंद होईल!"

खरं कारण न सांगताच सुवर्णा तालमीला उभी राहिली.

प्रयोगाला शाळेचं सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत आई बसली होती. सुवर्णा स्टेजवर आली आणि पाय ओढणं तिला जमेचना. ती सरळ चालत आली. मालकीण झालेली हिमानी खेकसली, तेव्हा कमरेवर हात ठेवून ती तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिली. "आज भांडी तुम्हीच घासा," हे हुकमी हशाचं वाक्य तिने सावकाश, मनापासून म्हटलं. हशा अर्धाच पिकला.

जेवणाच्या वेळी उल्काताई आईजवळ आल्या. मनातून घुश्शातच होत्या, पण पाहुणीचा मान राखून म्हणाल्या, "काकू, कसं वाटलं लेकीचं काम? एरवी तर अगदी हुबेहूब करते. कुठून शिकली कोण जाणे!"

सुवर्णा हातातली प्लेट ठेवून लगबगीने आईजवळ आली.

"माझ्याकडून," आई म्हणाली. "मी चार घरची भांडी घासत होती ना."

आई लेकीकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "पण पोरी, मालकिणीसमोर असं मले कधी उभं नाही राहता आलं. आज तुले पाहून मोठं बरं वाटलं."

सुवर्णाला रडू आवरेना. हिला आपण लपवत होतो, याची तिला भयंकर लाज वाटली. डोळे पुसून तिने आईचा हात धरला आणि जेवणाच्या रांगेत एकेकाला थांबवून सांगू लागली, "ही माझी आई. चार घरची भांडी घासून हिनंच मले शिकवलं."