बसमधली पुण्यतिथी

सर्जेरावांचा आवाज मुळातच मोठा, त्यात सगळी उमर वाळूजला प्रेस मशीनवर गेलेली. त्यांनी कानात सांगितलेलं गुपितही पलीकडच्या लाईनीला ऐकू जायचं. कंपनीच्या बसला मात्र हा आवाज वरदानच होता. सकाळी बस सिडकोतून सुटली, की ड्रायव्हर फारूखच्या मागं दांडा धरून ते उभे राहायचे आणि कादंबरी सांगायचे. हातात पुस्तक नसायचं, सगळं तोंडपाठ.

विहीर खोदणाऱ्या तीन भावांची ती कादंबरी, लेखक आप्पासाहेब. सर्जेरावांना ती औरंगपुऱ्याच्या फुटपाथवर जुन्या गाइडांच्या ढिगात सापडली. कादंबरीतली सासू ताडकन बोलली, की ते पदर घ्यायचे. विहिरीला पाणी लागलं, की अख्ख्या बसला ओलं वाटायचं. संपली की पुन्हा पहिल्यापासून. दांडी मारलेला माणूस दुसऱ्या दिवशी आधी विचारायचा, "काल कुठवर आलं?"

याच लेखकाचं आणखी काही मिळतं का, म्हणून सर्जेरावांनी दुकानं पालथी घातली. कोणाला नावसुद्धा माहीत नव्हतं.

"जित्या माणसाला लोक इतकं इसरत्यात व्हय?" ते हळहळले. "गेलेच असनार बिचारे."

आता पुण्यतिथी करायची, तर तारीख कुठून आणायची? मग खंडेनवमीला मशीनची पूजा असते, बसलाही हार असतो, त्यातच एक हार पुस्तकावरच्या फोटोला घालायचं ठरलं. तेव्हापासून दर खंडेनवमीला बस दोन मिनिटं गप्प उभी राहायची.

यंदा फारूखनं पुढच्या सीटवर एका म्हाताऱ्या पाहुण्यांना बसवलं होतं. "मेहमान आहेत, पिशोरचे," एवढंच म्हणाला आणि मिशीत हसला.

सर्जेराव फोटोला हार घालत होते. पाहुणे म्हणाले, "जरा सैल बांधा. गळ्याला काचतोय."

साऱ्या माना वळल्या. फोटो बघितला, पाहुणे बघितले.

"अगं बाई!" पॅकिंगची सोनिया किंचाळली. "हे तर तेच!"

"सासुरवाडीला गेलतो, भाऊ," फारूख म्हणाला. "मेडिकलपुढं बसलेले. नाव ऐकलं आन् म्हटलं, चलो साब, तुमची बरसी बघायला!"

सर्जेरावांनी पाहुण्यांचे पाय धरले. "माफी करा, साहेब. कोणी नावच काढंना तुमचं, म्हणून आमाला वाटलं..."

"बरोबर वाटलं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. सांगा, कुठवर आलाय?"

सर्जेरावांना वाटलं, आता हा माणूस सगळं बंद करणार.

"विहीर ढासळली, त्याच्या बी पुढं," त्यांचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

"म्हणजे माऊली गेला. धाकटा."

"नाय, साहेब. निघाला वर."

"वर? मी मारलाय त्याला!"

"व्हय, पुस्तकात गेला. पर या खेपेला ते सांगायचं आलं त्याच हप्त्यात या सोनियाचा भाऊ वारला. ही बसलेली समोर. माझ्या तोंडातून निघंना ते मरण. म्हणून दोर सोडला खाली."

"आणि पुढं?"

"पुढं वाळूजला आनला. कामाला लावला. आता सोयरीक बघतोय त्याची."

आप्पासाहेबांचा चेहरा ताठ झाला. "वर्षभर खपलो होतो मी त्या मरणावर."

बस बजाजनगरला वळली.

"माल तुमचा हाय, साहेब," सर्जेराव म्हणाले. "तुम्ही म्हणाल तर आजपासून बंद. एक अक्षर सांगनार नाय."

"बंद कसं?" सोनिया फणकारली. "पोराचं लगीन अर्ध्यात सोडता व्हय?"

म्हातारा तिच्याकडं बघत राहिला. मग सर्जेरावांकडं वळून म्हणाला, "पोरगी कुठली बघितली?"

"कन्नडची."

"कन्नडची नको. त्याच्या आईला पटायचं नाही. तिच्या माहेरचं जुनं भांडण आहे तिथं."

"हे पुस्तकात कुठं हाय, साहेब?"

"पुस्तकात नाही. पण आहे."

सर्जेराव जन्मात पहिल्यांदा त्या बसमध्ये सीटवर बसले, आप्पासाहेबांना अगदी खेटून. "मग कुठली करावी म्हणता?"

कंपनीचं गेट आलं. फारूखनं दार उघडलं, पण कोणी उठेना.