कोंढ्याचा सुखदेव प्रागमध्ये

किस्से जमवायला कोणी परदेशात जात नाही. पण सुखदेवसोबत चार-पाच वर्षं काढली की ते आपोआप साचतात. सत्तरच्या दशकात आम्ही दोघं सरकारी स्कॉलरशिपवर प्रागला आर्किटेक्चर शिकायला गेलो. मी आंधळगावचा, तो कोंढ्याचा, दोन्ही गावं भंडारा जिल्ह्यातली. नागपूरच्या कॉलेजात एका बाकावर बसायचो, प्रागला एकाच खोलीत पडलो.

*

निघण्याआधी माझ्या मोठ्या काकांनी विचारलं, "इतक्या दूर जाऊन काय शिकतं?"

"घरं बांधायला."

काका म्हणाले, "काहून? आंधळगावात लोक झाडावर राहून राहिले काय?"

*

चेक भाषेत होकाराला 'आनो' म्हणतात. घाईत त्याचं नुसतं 'नो' होतं. हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.

होस्टेलच्या मेसमध्ये मारी नावाच्या मावशी वाढायच्या. एके दुपारी मैद्याचे उकडलेले गोळे होते. सुखदेवचं पोट भरलं. मावशींनी "आणखी?" असं विचारलं. हा म्हणाला, "नो, नो." त्यांनी दोन वाढले. यानं ताटावर हात आडवा धरला आणि जोरात म्हणाला, "नो." पोराला आपल्या हातचं एवढं आवडलं म्हणून मावशी खूश झाल्या. त्यांनी हात बाजूला सारून ताट भरलं.

खोलीवर येऊन तो पलंगावर आडवा झाला. छताकडे बघत म्हणाला, "या देशात नाही म्हणाची सोयच नाही बे."

*

पहिल्या वर्षाच्या शेवटी भाषेची तोंडी परीक्षा होती. नापास झालं की स्कॉलरशिप बंद आणि परतीचं विमान. सुखदेवनं धास्ती घेतली होती. भाषेच्या वर्गात त्याचं काही जमेना, म्हणून तो रोज संध्याकाळी मारीमावशींजवळ बटाटे सोलत बसायचा आणि त्यांच्याशी बोलून बोलून चेक शिकायचा.

परीक्षेत तो न अडखळता बोलला. गाव, शेत, प्रवास, पहिला बर्फ, सगळं सांगितलं. समोरचे परीक्षक मात्र माना खाली घालून हसत होते. याचा चेहरा पडला.

झालं होतं असं, की मराठीसारखंच चेकमध्येही बाईमाणसाच्या तोंडी क्रियापद बदलतं. मावशींकडून भाषा शिकलेला हा मिशीवाला गडी मघापासून सांगत होता, मी कोंढ्याला जन्मले, मी नागपूरला शिकले, मी विमानात बसले.

मुख्य परीक्षकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई पास आहेत."

*

एकदा प्रोफेसरांनी आपापल्या गावातल्या घराचा प्लॅन काढायला सांगितला. सुखदेवच्या ड्रॉइंगवर त्यांनी बराच वेळ बोट फिरवलं. "यात बेडरूम कुठे आहे?"

"उन्हाळ्यात अंगणात, पावसाळ्यात ओसरीवर, थंडीत चुलीपाशी."

"म्हणजे तुमच्याकडे बेडरूम घरभर फिरते?"

"हो सर. आणि खाट उचलून तिच्यामागे आम्ही."

*

ऐंशीच्या दशकात परत आलो आणि भंडाऱ्यात ऑफिस टाकलं. पहिलं काम सुखदेवच्याच घराचं निघालं. कोंढ्याचं त्यांचं घर मातीचं, छपरी इतकी खाली उतरलेली की आत जाताना कमरेत वाकावं लागे. त्याची माय जन्मभर लोकांच्या बांधीत, भाताच्या चिखलात वाकून, धानाची रोवणी करत आलेली, आणि संध्याकाळी याच घरात शिरणारी.

सुखदेवनं तिच्यापुढे ड्रॉइंग पसरलं. खिडक्या दाखवल्या, हवा कुठून येईल ते दाखवलं. मग विचारलं, "माय, तुले काय पायजे थे सांग."

ती म्हणाली, "दार उंच कर. आत जाताना वाका नाही लागलं पायजे."

घर झालं. पहिल्या दिवशी अंगणात सगळी वस्ती जमली. मायला पुढे केलं. नवं लुगडं नेसलेली ती पायरी चढली, दाराशी आली, आणि कमरेत वाकून आत गेली. चौकट तिच्या डोक्यापासून चांगली हातभर वर होती.

सुखदेव खाली बघत उभा होता.

आत दोन पावलं जाऊन ती थांबली. वळून वर चौकटीकडे पाहिलं. मग बाहेर आली, पायरी उतरली आणि पदर सारखा केला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मले पुन्हा आत जाचं हाये."