ऑफिसातला चहा

आमच्या शाळेत पालकांना चहा मिळत नाही. दाखल्यासाठी आलेला असो, शिष्यवृत्तीचं विचारायला आलेला असो, की मूल दोन दिवस घरी आलं नाही म्हणून रडत आलेला असो, सगळ्यांनी ऑफिसाबाहेरच्या बाकावर बसायचं आणि आत बोलावणं येईपर्यंत पंख्याकडे बघायचं. चहा मिळतो तो फक्त नववीतल्या काही मुलांच्या आईबापांना, दिवाळीनंतर. तोही कपबशीतून, सोबत बिस्किटं. ज्याला चहा मिळाला त्याचं मूल शाळेतून गेलं, हे आम्हा शिक्षकांना ठाऊक असतं. पालकांना नसतं.

स्टाफरूममध्ये याला 'चाळण' म्हणतात. आठवीपर्यंत मुलं पुढे सरकत राहतात आणि दहावीचा निकाल तर शाळेच्या नावावर चढतो. म्हणून मधल्या नववीत चाळण लावायची. गणित-इंग्रजीत अडकणाऱ्या मुलाच्या बापाला गोड बोलून शाळा सोडायला लावायची आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून दहावीला बसवायचं. पास झाला तर त्याचं नशीब. नापास झाला तरी आमच्या टक्केवारीला ओरखडा नाही. मग निकालाच्या दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स लागतो: शंभर टक्के. गणिताची शिक्षिका म्हणून त्यावर कोपऱ्यात माझाही फोटो असतो. दरवर्षी तो बघून तळपायाची आग मस्तकात जाते.

मी इथे लागले तेव्हा वर्गात आसपासच्या गावांतली, निर्मळची, वटारची मुलं असायची. वाडीतून सायकली हाणत यायची, शर्टाला केळीचे डाग, आपसात त्यांची घरची बोली. त्यांच्याच आजोबांनी ही शाळा उभी केली. आता त्या मुलांची मुलं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जातात. आमच्या बाकांवर सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांत राबणाऱ्यांची मुलं बसतात. कुणी नांदेडचं, कुणी जालन्याचं, कुणी पार गोरखपूरचं. घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, पुस्तकात तिसरी. आईची पाळी सकाळची असेल तर धाकट्याला सांभाळायला घरी राहणारी. अशा मुलांकडून संस्थेला शंभर टक्के हवेत. मी एकदा सभेत म्हटलं की मुलं चाळण्यापेक्षा त्यांना सकाळी तासभर जादा शिकवू, मी येते. त्यावर संस्थेचे एक म्हातारे पदाधिकारी म्हणाले, "बाई, आपली पोरं कोन राहिलीत आता शाळेत?" बाकीचे मान डोलवून चिवडा खात राहिले. ज्यांचा एकही नातू इथे शिकत नाही, त्यांना निकालाची एवढी हौस.

तीन वर्षांपूर्वी माझ्या नववीत नांदेडकडची एक मुलगी होती. वडील सातिवलीत प्लॅस्टिकच्या डब्यांच्या गाळ्यात मशीनवर. मुलगी मठ्ठ नव्हती. तिचे अपूर्णांक कच्चे राहिले होते, कारण ते शिकवले तेव्हा ती गावाकडे होती. आणि पुढचं सगळं गणित त्या अपूर्णांकांवर उभं. एकदा समजावलं की तिला समजायचं. पण चाचणीत ती पडली, आणि तिच्या वडिलांना बोलावणं गेलं. मी मुख्याध्यापकांना आधीच सांगितलं होतं की हिला मी काढते वर, माझी जबाबदारी. ते म्हणाले, बाई, भावनेत जाऊ नका.

ऑफिसात जाऊन आल्याच्या दुसऱ्या दिवशी ते वडील जिन्यात भेटले. हातात पेढ्यांचा पुडा. धुतलेला शर्ट, चेहरा उजळलेला. पेढा माझ्या हातावर ठेवून सांगू लागले, की पोरीला आता शाळेत यायचीही गरज नाही, सरांनी तिला थेट दहावीला बसवायचं ठरवलंय. गाळ्यातल्या सगळ्यांना पेढे वाटून झाले होते. निवड झाली म्हणून पेढे! त्यांना बाजूला घेऊन मी सरळ सांगितलं, की ही निवड नाही, तिला काढताहेत, शाळा सोडण्याचा अर्ज देऊ नका. ते माझ्याकडे कीव केल्यासारखे बघत राहिले.

"बाई, सर खोटं कशाला बोलतील? शेजारी बसवून चहा पाजला मला."

गावातल्या शाळेत त्यांना कधी कुणी बसायलाही सांगितलं नसावं. त्या कपभर चहाशी मी काय लढणार होते? त्यांनी अर्ज दिला.

मुलगी घरी बसली. घरीच आहेस तर चल, असं घरचे म्हणाले आणि ती गाळ्यात डब्यांना झाकणं लावायला जाऊ लागली. मी रविवारी ये म्हटलं होतं. एकदा आली, मग गाळ्यातून रविवारीही माल निघायला लागला. परीक्षेला ती परक्या केंद्रावर एकटी बसली. गणित राहिलं. पुन्हा फॉर्म भरलाच नाही. त्या जूनमध्ये आमचा फ्लेक्स नेहमीपेक्षा मोठा होता.

गेल्या वर्षी तिची धाकटी बहीण नववीत आली. तिचेही आकडे डळमळीत. दिवाळीनंतर वडिलांना बोलावणं गेलं. वर्गशिक्षिका म्हणून मीही ऑफिसात होते. शिपायाने ट्रे आणून टेबलावर ठेवला, मुख्याध्यापकांनी हसून खुर्ची दाखवली. ते बसले नाहीत.

"चहा नको, सर," ते म्हणाले. "थोरलीनं सांगून धाडलंय, चहा घेऊ नका म्हणून."

मुख्याध्यापकांनी आधी माझ्याकडे रागाने पाहिलं. मी पढवलेलं नव्हतं ते. मग नेहमीचं गोड बोलणं बराच वेळ चाललं. वडील ऐकत उभे राहिले आणि शेवटी एवढंच म्हणाले, की पोरगी इथंच बसेल. अर्ज दिला नाही.

धाकटी आता दहावीत माझ्यासमोर बसते. निकाल नव्व्याण्णववर आला तर जबाबदारी तुमची, असं मला बजावून झालंय. मी बरं म्हटलं. सकाळी थोरली तिला फाटकापर्यंत सोडायला येते, फ्लेक्सखाली उभं राहून तिची वेणी नीट करते आणि गाळ्यावर जाते.