ह्यांची रिकव्हरी जीप

हे सैन्यातून निवृत्त होऊन घरी आले तेव्हा शेजारीपाजारी विचारायचे, "साहेब सैन्यात नेमके काय होते?" मी सांगायची, "गाड्या दुरुस्त करायचे." त्यावर समोरच्याचा चेहरा किंचित उतरायचा. सीमेवरचं, बंदुकीचं काहीतरी ऐकायला मिळेल अशी त्याची अपेक्षा असायची. पण मलाही त्यापलीकडे फारसं ठाऊक नव्हतं. ह्यांच्या बहुतेक बदल्या डोंगराळ भागात, कुटुंब नेता येत नाही अशा ठिकाणी झाल्या. मी कर्वेनगरला राहिले, घरी गणिताच्या शिकवण्या घेतल्या, मुलीला वाढवलं. हे सुट्टीवर यायचे, घरात जे काही बिघडलेलं असेल ते दुरुस्त करायचे आणि परत जायचे.

ह्यांचा स्वभाव तापट. सुट्टीतले पहिले चार दिवस कौतुकात जायचे, मग आवाज चढायला लागायचा. चहा गार झाला, वर्तमानपत्राची घडी मोडली, मुलीनं एका हाकेत ओ दिली नाही, कशावरूनही. मुलगी लहानपणी ह्यांची सुट्टी संपायची वाट बघायची. मी तिला रागवायची, आणि मनातल्या मनात कॅलेंडर मीही बघायची.

निवृत्तीनंतर वर्षभर हे घरात नुसते येरझारा घालत होते. मग एक दिवस ह्यांचे मित्र आले. ते मूळचे विदर्भातले, नोकरीत ह्यांच्याबरोबर एकाच तुकडीत होते आणि नंतर हडपसरला स्थायिक झाले. मी त्यांना भावजी म्हणते. दोघांनी दार लावून काहीतरी खलबत केलं, आणि पुढच्या महिन्यात लष्कराच्या लिलावातून दोन जुन्या गाड्या घेऊन आले.

दोन्ही गाड्या वरवर सारख्या. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी तीच ती हलकी जीप, तोच हिरवा रंग, जागोजागी पोपडे आलेला. पण एक गाडी वर्कशॉपची होती आणि दुसरी रिकव्हरीची. वर्कशॉपच्या जीपच्या बाजूच्या फळ्या खाली पाडल्या की त्यांचंच टेबल व्हायचं. टेबलाला लोखंड घट्ट धरायचा शिकंजा बसवलेला, मागे हत्यारांचे कप्पे, वर ताडपत्रीचा मांडव घालायची सोय. रिकव्हरीच्या जीपला पुढच्या बंपरवर तारेचा दोर गुंडाळलेलं विंच होतं आणि मागे लोखंडी तिकाटण्याला लावलेला आकडा. भावजींनी मला सोपं करून सांगितलं, "वहिनी, गाडी वाटेत बंद पडली तर आधी माझी जीप जायची. जागेवर दुरुस्त झाली तर झाली. नाही झाली, किंवा खड्ड्यात गेली, तर मग ह्यांची."

"आणि लढायला कोणती जायची?" मी विचारलं.

"ज्या लढायला जायच्या त्यांनाच तर आम्ही आणत होतो," भावजी म्हणाले.

सोसायटीत मात्र दोन दिवसांतच फळ्यावर सूचना लागली. 'सभासदांनी युद्धसामग्री आवारात उभी करू नये. निदान शांततेच्या काळात तरी.' ह्यांनी ती वाचली आणि सेक्रेटरींच्या दारात जाऊन उभे राहिले. सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "आपण देशाची सेवा केलीत, आदर आहे. पण आपल्या जीपचं तेल माझ्या तुळशीपर्यंत आलंय."

मग सिंहगड रस्त्याच्या पुढे, अलीकडेच महापालिकेत आलेल्या एका गावात जागा मिळाली. तिथल्या एका शेतकऱ्याचा गोठा रिकामा पडला होता. गुरं विकून झाली होती, शेतीही थोडीच उरली होती. तो म्हणाला, "लावा की हितं. गोठा मोकळाच हाय. काहीतरी उभं असलेलं बरं वाटतं." दोन्ही जीपा तिथं गेल्या, आणि आमचे रविवारही तिथं जायला लागले. हे आणि भावजी दिवसभर गाड्यांखाली आडवे व्हायचे. मी डबा घेऊन जायची, आंब्याखाली बसून शिकवणीचे पेपर तपासायची.

एकदा कंटाळून मी म्हटलं, "मला शिकवा की चालवायला." ह्यांनी आधी हसण्यावारी नेलं. शिकवलं ते भावजींनीच. क्लच इतका जड की दोन्ही पाय लावावेसे वाटायचे. पण काही महिन्यांत मला जीप शेताच्या बांधावरून नेता यायला लागली. पुढचं विंच चालवायलाही जमायला लागलं. त्याची दांडी ड्रायव्हरच्या पायाशी असते. इंजिन हळू ठेवायचं, दांडी टाकायची, दोर इंचाइंचानं गुंडाळला जातो. भावजी त्यांच्या गावी गेले की ह्यांच्या मदतीला मीच असायची. तेव्हाही हे ओरडायचेच. "झोपलीस का?" "डावीकडे म्हटलं की डावीकडे." मी जीप बंद करून आंब्याखाली जाऊन बसायची.

असाच एक रविवार होता. पावसाळा सरत आला होता. भावजी भाचीच्या लग्नाला गेले होते. दुपारी आम्ही जेवत असताना तो शेतकरी पळत आला. गावाच्या वर रस्ता रुंद करायला डोंगर कापला होता, तिथं एक छोटा टेम्पो कडेवरून घसरला होता. डावी चाकं खाली गेली होती आणि एका बाभळीला टेकून तो कसाबसा उभा होता. आत ड्रायव्हर होता आणि त्याची म्हातारी आई. जेसीबीला फोन केला होता, पण तो यायला वेळ लागणार होता.

हे हातातला घास ताटात ठेवून उठले. रिकव्हरीची जीप बाहेर काढली, मला म्हणाले, "बस. आज तूच आहेस."

आम्ही पोहोचलो तेव्हा पंधरावीस माणसं जमली होती आणि सगळी एकदम बोलत होती. टेम्पोचं उजवं दार रस्त्याकडे होतं. ड्रायव्हर पोरगेला होता. त्यानं दार अर्धं उघडलं होतं आणि एक पाय बाहेर काढला होता. लोक त्याला सांगत होते, "मार उडी."

हे जीपमधून उतरले, धावले नाहीत. चालत त्याच्याजवळ गेले आणि बोलले. तो आवाज मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. हळू, सपाट, अजिबात घाई नसलेला.

"पाय आत घे बाळा. तुझ्या वजनानं ही बाजू खाली दाबलेली आहे. तू उतरलास तर गाडी आईकडे कलंडेल. म्हणून आधी आपण ती बांधू. मग तू, मग आई. ब्रेकवर पाय ठेव आणि बस."

पोरानं पाय आत घेतला.

पलीकडे आई बसली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी निघालेली. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं धड दिसत नव्हतं. तिनं विचारलं, "कोण आलंय रं?"

"मी आलोय आजी. मिलिटरीत होतो. गाड्या काढायचंच काम करायचो."

"खाली लई खोल हाय का?"

"आहे," हे म्हणाले. "पण आता थोड्या वेळात गाडी बांधली जाईल. तोवर हलायचं नाही. पट्टीलाही हात लावायचा नाही."

मग ह्यांनी माणसं मागे हटवली. ओरडून नाही. एकेकाला काम देऊन. कुणाला दोन्हीकडची वाहतूक थांबवायला, कुणाला मोठे दगड आणायला, कुणाला पोती भिजवायला. जीप रस्त्याच्या आतल्या बाजूला, डोंगराकडे पाठ करून उभी केली. चाकांपुढे दगड लावले. जीपच घसरू नये म्हणून मागचा आकडा साखळीनं एका जुन्या वडाच्या बुंध्याला बांधला. पुढचा तारेचा दोर ओढत नेऊन टेम्पोच्या चेसिसला अडकवला. दोरावर भिजलेली पोती टाकली. तार तुटली तर चाबकासारखी उडते आणि समोर येईल त्याला कापते, पोत्यांचं वजन तिला खाली दाबतं. हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की अशी तार तुटलेली ह्यांनी बघितली असणार.

मग हे माझ्याजवळ आले. "टेम्पोकडे बघायचं नाही. माझ्या हाताकडे बघायचं. बोट फिरवलं की दोर घ्यायचा, मूठ केली की जागच्या जागी थांबायचं. लोक काहीही म्हणोत. गडबडलीस तरी चालेल, क्लच दाबायचा आणि थांबायचं. थांबण्यात चूक होत नाही."

मला तेव्हा हसू आलं का रडू, आठवत नाही. एवढं नीट ह्यांनी मला कधीच काही सांगितलं नव्हतं.

हे टेम्पोच्या दाराशी गेले. एक हात उंच धरला आणि बोट फिरवायला लागले. मी दांडी टाकली. दोर जमिनीवरून उठला, पोती हिंदकळली, जीप पुढे खेचली गेली आणि साखळी कडकन ताणली. टेम्पो करकरला. कुणीतरी किंचाळलं. मी हाताकडे बघत होते. बोट फिरतच होतं, आणि त्याच वेळी तो हळू आवाज आजींशी बोलत होता.

"घरी कोण असतं आजी?"

"सून हाय. शेळ्या हायत."

"शेळ्यांना चारा कोण टाकतं, तुम्ही की सून?"

"सुनंला कुठलं जमतंय. मीच बघते."

मूठ झाली. मी थांबले. दोर ताठ झाला होता. बाभूळ होती तशीच वाकलेली होती, पण टेम्पोचा भार आता तिच्यावर नव्हता. ह्यांनी दोर हातमोज्यानं दाबून पाहिला, चाकांखालचे दगड पाहिले, पुन्हा एकदा पाहिले. माझ्या पायात गोळा आला होता. मग ते म्हणाले, "आता तू उतर बाळा. सावकाश." पोरगा उतरला. टेम्पो किंचित हलला आणि राहिला. मग हे स्वतः कमरेपर्यंत आत वाकले. "आजी, माझा हात सापडला? तो धरून सरकत या. घाई नाही. अजून थोडं. अजून." म्हातारी सीटवरून इंचाइंचानं सरकत आली. त्यात किती वेळ गेला कोण जाणे. एकदा ती मध्येच थांबली, म्हणाली, दमले. हे म्हणाले, "दम घ्या. आपण बसू." आणि खरंच, तसेच वाकलेले थांबून राहिले.

आजी रस्त्यावर आल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. "आता टेम्पो पण ओढा," कुणी म्हणालं. ह्यांनी मान हलवली. "ही हलकी गाडी आहे. धरून ठेवेल. ओढायचं काम तिच्या पलीकडचं आहे." जेसीबी येईपर्यंत आम्ही तसेच तो टेम्पो धरून बसलो. तो आल्यावर टेम्पो वर निघाला, बाभूळ मात्र मोडली.

गोठ्यावर परतल्यावर आम्ही तारेचा दोर पुसून गुंडाळत होतो. मी म्हटलं, "अहो, या आवाजात तुम्ही आमच्याशी कधी बोलला नाहीत."

"कोणत्या आवाजात?"

"आजींशी बोललात त्या."

हे दोर गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "तिथं घाई केली की माणूस जातं. घरी घाई केली तर काय जातं?"

"घरीही जातं," मी म्हटलं. "तुमची लेक तुमच्याशी बोलायचं असलं की मला फोन करते. कधीपासून करते, माहीत आहे का?"

मला ह्यांचा अभिमान वाटत होता आणि हेवाही वाटत होता, त्या अनोळखी म्हातारीचा. इतक्या वर्षांचा धीर हा माणूस कुठे खर्च करून आला ते मी त्या दुपारी पाहिलं होतं. उरलंसुरलं आमच्या वाट्याला आलं होतं. ज्यांना ह्यांनी दऱ्यांतून वर काढलं असेल त्यांचा राग कसा धरणार? पण वाईट वाटायचं ते वाटलंच.

पुढच्या आठवड्यात मुलगी घरी आली. ती हडपसरला आयटी कंपनीत काम करते, तिथंच राहते. तिला सगळी हकिगत मी सांगितली. हे तिथंच बसले होते. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "बाबा, तुम्हाला भीती नाही वाटत?" हे म्हणाले, "वाटते. नंतर वाटते." आणि मग डोंगरातल्या एका घाटाबद्दल सांगायला लागले. बर्फात अडकलेला ट्रक, भावजींच्या वर्कशॉपच्या जीपच्या मांडवात टेबलाखाली अंथरूण टाकून काढलेल्या रात्री, शिकंज्याचं लोखंड इतकं गार की उघड्या हाताला कातडी चिकटायची. मुलगी ऐकत बसली. मी आत जाऊन कुकर लावला आणि मुद्दाम बराच वेळ बाहेर आले नाही.

यानंतर सगळं बदललं असं नाही. गार चहावरून आजही आवाज चढतो. पण कधीकधी मध्येच थांबतो आणि हे गॅलरीत जाऊन उभे राहतात. मुलगी आता अधूनमधून थेट ह्यांना फोन करते. बोलणं फार होत नाही. गाडीचं सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी. तेवढं पुरतं बहुधा.

त्या शेतकऱ्यानं शेवटी जमीन बिल्डरला दिली आणि गोठा गेला. दोन्ही जीपा एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेनं शिकवायला घेतल्या. हे आणि भावजी आठवड्यातून दोन दुपारी तिथं जातात. पोरं फार शंका विचारतात, अशी ह्यांची तक्रार असते, आणि तरी हे घरून अर्धा तास आधीच निघतात. त्या दोन दुपारी घर माझं असतं. मी दार लावून घेते, पाय पसरून बसते, आणि माझा चहा मला हवा तेवढा गार होऊ देते.